दोऱ्याने मापलेली मेमरी

गेली सत्तावीस वर्षे मी भूमिती शिकवतो. त्यामुळे आमच्या संगणकाचे जे झाले, ते पूर्ण विचारांती झाले.

सोनारी गावातल्या आमच्या घरातला हा संगणक मुलगा शाळेत असतानाचा. आता त्यावर माझी पत्नी सुमन लग्नपत्रिका करते. भैरवनाथाच्या यात्रेचे पत्रक हे तिला मिळालेले पहिले मोठे काम. शनिवारी ते छपाईला जायचे होते, आणि देवाचे छायाचित्र घातले की पडदा गोठत होता!

"मेमरी कमी पडतीय. वाढवून आणता का?" सुमन म्हणाली.

मी संगणकाची पेटी उघडली, मेमरीची पट्टी जागेवरच दोऱ्याने मापली आणि गाठ मारली.

"अहो, ती पट्टीच काढून न्या की!"

"अगं, लांबी कळली की सारे कळते." (असले विधान मी वर्गातही कधी केलेले नाही.)

तालुक्याच्या गावी, परंड्यात, संगणकाच्या दुकानदाराने विचारले, "कंच्या जातीची देऊ गुरुजी? डीडीआर टू का थ्री?"

मी गंभीरपणे दोरा पुढे केला! तो आधी दोऱ्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. तीन हा आकडा मोठा, म्हणून मी तीच घेतली. लांबी तंतोतंत!

घरी आल्यावर मात्र जुनीशेजारच्या मोकळ्या जागेत नवी पट्टी बसेना. तिची खाच एकीकडे, संगणकातला उंचवटा दुसरीकडे. शेजारचे वेल्डर नामदेवराव डोकावले.

"दोन सुताचा, पाव इंचाचा तर फरक हाय गुरुजी. कानस मारू का?"

"मारा," मी म्हणालो. (तो शब्द मला आजही टोचतो.)

नवी खाच कोरली, पट्टी रेटून बसवली आणि बटण दाबले. संगणकाने अशी शिट्टी मारली की अंगणातली शेळी दावे तोडून पळाली!

"उद्या शुक्रवार," सुमन एवढेच बोलली. ती ओरडली असती तर बरे वाटले असते.

सकाळी तिने जुनी पट्टी काढून रुमालात गुंडाळली. "टेलरकडं आपण मापाचं ब्लाउज नेतो का दोरा?" असे विचारून ती एसटीत बसली. दुपारी तशीच दुसरी पट्टी घेऊन परतली. पट्टी टकदिशी बसली आणि पडद्यावर भैरवनाथ मिशांसकट प्रकटले! पत्रक वेळेवर छापून झाले.

गावात तिने याची वाच्यता केली नाही, याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे. माझी कानशीची पट्टी तिने शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. पट्टीभोवती माझा मापाचा दोरा गुंडाळलेला असतो. तो त्या कोरलेल्या खाचेत अगदी अचूक बसतो. माझ्या साऱ्या निवडीत एकमेकांशी जुळले ते एवढेच!