व्यक्ती तीनचा पंचनामा

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हासुद्धा नियमच आहे. पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बाईनं स्वतःचं ताट वाढून घ्यायचं नाही.

सातवीत असताना मी तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, विचारलं होतं, "का?"

"आदीपासनं हाय."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

तात्यांनी भाकरीकडं बघतच निकाल दिला, "हिचं तोंड लई चालतंय. हिला लवकर उजवून टाका."

ते काही जमलं नाही. मी एम.ए. केलं आणि विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात संशोधन सहायक झाले. नाव कोमल. हसू नका! नाव बारशाला ठेवतात, स्वभाव नंतर कळतो.

आणि तो नियम? मोडला की! नोकरी लागली त्या दिवसापासून मी सरळ तात्यांच्या शेजारी पाट ओढते. आई गरम भाकरी वाढते आणि मी तात्यांच्या डोळ्यांत डोळे घालून खाते. क्रांती म्हणतात ती हीच, असं माझं ठाम मत होतं. हे मत जरा लक्षात ठेवा. त्याच्यामुळंच भर सभेत माझं नाक कापलं गेलं.

तर झालं काय, केंद्रानं एक काम हाती घेतलं होतं. गावातल्या बायकांना वह्या द्यायच्या. दिवसभरात काय काय केलं ते त्यांनी वेळेसकट लिहायचं, आठवडाभर. बाईचा दिवस नेमका जातो कुठं, ते बघायचं होतं. आमच्या श्रीगोंदा तालुक्यातली तीन गावं निवडली होती, त्यात माझंही. म्हणून चार महिने माझा मुक्काम घरीच.

पण स्वतःच्या गावात स्वतः वह्या वाटायच्या नाहीत, ही केंद्राची शिस्त. माझं गाव दिलं शबानाला. शबाना नगर शहरातली, माझी सहकारी, शांत आणि भयंकर पक्की. तिनं वह्या वाटल्या, गोळा केल्या, स्वतः टाइप केल्या. कुणाचंही नाव नाही. बाईला नुसता वहीचा क्रमांक. घरातल्या माणसांचीसुद्धा नावंनाती काढून टाकलेली: व्यक्ती एक, व्यक्ती दोन, व्यक्ती तीन. कुठली वही कुणाची, ते फक्त शबानाला माहीत.

मग केंद्राच्या मॅडमनी ठरवलं की प्रत्येक गावात एक जाहीर व्याख्यान द्यायचं, आणि वर्षभराच्या वह्यांसाठी बायकांना तयार करायचं. आमच्या गावचं व्याख्यान माझ्याकडं. आयुष्यातलं पहिलं!

तात्या गावातलं मोठं माणूस. त्यांनी बजावलं, "एक डाव बोल. लोकं हसली, तर त्या वह्या-बिह्या बंद. कुन्या बाईला लिहू द्यायचो न्हाई मी."

"कोणी हसणार नाही," मी म्हटलं.

काय ती वाणी!

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी नुसती धावपळ. टिपणं चाळत होते, त्यात चहा गार झाला, आईनं दुसरा दिला. ड्रेसला इस्त्री नव्हती, आईनं केली. स्कूटीची चावी सापडेना, आईनं आणून दिली. निघता निघता मी तिला म्हटलं, "वेळेवर ये हं. बायकांच्या श्रमावर बोलणार आहे मी."

आई म्हणाली, "येते की. भांडी घासते न् येते."

समाजमंदिर भरलं होतं. बायका निम्म्याहून जास्त. तात्या पुढच्या खुर्चीत, हाताची घडी घालून, हसू कुठून फुटतंय याची वाट बघत. आई तिसऱ्या रांगेत. शबाना पार मागं, दाराशी.

सुरुवात झकास झाली. मग मी माझा हुकमी एक्का काढला, वही क्रमांक अकरा. सगळ्या गठ्ठ्यातली हीच वही वाचून माझं डोकं फिरलं होतं. आदल्या दिवशी मी शबानाला सांगितलं नव्हतं की हीच वाचणार आहे. म्हटलं, धक्का देऊ.

"ऐका!" मी म्हटलं. "सकाळी साडेसहा: व्यक्ती तीनला उठवलं. पावणेसात: व्यक्ती तीनला उठवलं. सात: व्यक्ती तीनला पुन्हा उठवलं, चहा अंथरुणात दिला."

बायकांत खसखस पिकली. मला चेव आला.

"साडेआठ: व्यक्ती तीनच्या गाडीची चावी शोधली. फ्रिजवर होती. आणि दुसऱ्या दिवशी? चावी शोधली, फ्रिजवर होती. तिसऱ्या दिवशी? फ्रिजवर! अरे, रोज फ्रिजवरच सापडते, तर स्वतःचे हात काय भाड्यानं दिलेत?"

मागून शबाना हात हलवायला लागली. मला वाटलं, आवाज पोचत नाही. मी माइक जवळ घेतला.

"दुपारी एक: व्यक्ती तीनचं ताट कॉम्प्युटरपाशी नेऊन दिलं. दीड: ताट उचललं. सायंकाळी सात: व्यक्ती तीनचं बोलणं ऐकत उभी राहिले. भाजी लागली!"

शबानानं गळ्यावरून आडवा हात फिरवला. म्हणजे अजिबात दयामाया दाखवू नको! मैत्रीण असावी तर अशी.

"आणि बायांनो," मी आवाज खाली आणला, "या सगळ्या वहीत एकाच ओळीला वेळ नाही. 'माझं जेवण', आणि पुढं नुसतं, 'झालं.' सात दिवस! व्यक्ती तीनच्या चावीला वेळ आहे, आणि या बाईच्या जेवणाला नाही!"

काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरले. मग मी तात्यांच्या मुलाकडं, बापूकडं, रोखून पाहिलं. गावात अंथरुणात चहा पिणारा दुसरा कोण असणार?

"ही व्यक्ती तीन इथं बसलेली असेल, तर तिनं उभं राहावं! थोडी तरी लाज असेल तर उभं राहावं!"

बापू घाबरून खुर्चीत खाली सरकला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आई हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. तशी वाईट न्हाई ती व्यक्ती. अभ्यास असतो तिला."

"आई, मध्ये बोलू नकोस! हेच चुकतं आपलं! अशा आयतोबांना पाठीशी घालायचं! तू का वकिली करतेस तिची?"

आईनं पदर सारखा केला. सभेकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा.

"बरं, न्हाई करत," ती म्हणाली. "पन कोमे, आजबी फ्रिजवरच व्हती."

काय सांगू! एक क्षणभर मला खरंच कळलं नाही. मग कळलं. आधी कान तापले, मग गाल, मग तळपाय. शबानानं तोंडावर ओढणी धरली होती. आणि मी उभी होते! उभं राहायचं आवाहन मीच केलेलं, आणि अख्ख्या समाजमंदिरात उभी असलेली मी एकटीच!

मग जो हशा उसळला! पत्रे उडायचे बाकी राहिले. तात्या तर मांड्या थोपटत होते. "हसली का न्हाई लोकं? आता वह्या बंद!"

संपलं, मी मनात म्हटलं. एवढ्या महिन्यांचं काम एका चावीपायी गेलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या लतामावशी उठल्या. ऊसतोडीला जाणारी बाई, आवाज खणखणीत. "बंद कशापायी? आमच्या घरात तर तीन-तीन व्यक्ती तीन हायेत! मला द्या वही. मलाबी लिवायचंय."

"मलाबी!"

"माज्या सुनंलाबी एक!"

"अहो पन तात्या," लतामावशींनी विचारलं, "वही तुमच्याच घरची निघाली. मंग व्यक्ती एक कोन वं?"

आई निरागसपणे म्हणाली, "वाचायला लावू का, तात्या, ते पान?"

तात्यांनी मांडीवरचा हात उचलून खिशात घातला. "ऱ्हाऊ दे. जेवायची येळ झाली."

घरी पंगत मांडली. तात्या, त्यांच्या भजनी मंडळातले दोघं म्हातारे. माझा पाट तात्यांच्या शेजारी, शबानाचा त्याच्या शेजारी. आई चुलीकडं निघाली.

"बस गं कोमल," तात्या म्हणाले. "तुजा पाट मांडलाय."

मी त्या पाटाकडं बघितलं. एवढे दिवस मी इथं बसून क्रांती करत होते, आणि त्या क्रांतीला गरम भाकरी कोण आणून देत होतं?

"नाही बसणार," मी म्हटलं. "तिथं आई बसेल."

"आँ? आगं, तुजी आई बसल्यावर वाढंल कोन?"

"मी."

"ह्या घरात असं कदी झालं न्हाई!"

"म्हणूनच."

मी आईचे खांदे धरून तिला पाटावर बसवलं. शबाना सरकली, तिनं जागा केली. तात्या माझ्याकडं बघत राहिले. दोन्ही म्हातारे ताटाकडं बघत राहिले.

मी ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेले. पुढचं मी सांगत नाही. त्या दिवसाचं पान आईनं रात्री नव्या वहीत लिहिलं आणि स्वतः मला दाखवलं. ते वाचा:

"दुपारी दोन: माझं जेवण. गरम. व्यक्ती तीननं भाकरी करून वाढली. मीठ कुठं, तूप कुठं, उलथनं कुठं, ते बसल्या जागेवरून सांगितलं, सात वेळा. भाकरी कच्ची. व्यक्ती एकनं दोन खाल्ल्या. गप्प."