चार बोटं माया

काल दुपारी शहागंजात सलीमभाई टेलरच्या दुकानात उभी होते, आणि उभ्या उभ्याच डोळे भरून आले. निमित्त काय, तर नातीच्या युनिफॉर्मचा जुना फ्रॉक...

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं पेपर वाचून वाचून. नवा शब्द दिसला की वहीत लिहायचा, आणि तो कुठं कुठं भेटला तेही खाली टिपायचं, ही जुनी खोड.

त्या वहीत 'अटळ' आहे. अर्थ : जे टळत नाही ते. खाली टिपलेलं... मरण अटळ, म्हातारपण अटळ, युद्ध अटळ, दरवाढ अटळ. एक म्हणून बरी गोष्ट नाही!

मागच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी तो शब्द आमच्या घरातच आला. माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या, अन्वीच्या, हृदयाला छिद्र निघालं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन अटळ आहे." त्या दिवशी वही उघडायला हात धजला नाही...

पण पोर नव्या फ्रॉकसाठी अडून बसलेली. मापाला सलीमभाईंकडे नेली. लेकरांचे कपडे शिवताना खालच्या दुमडीत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. अन्वीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी म्हटलं, "माया नका सोडू. यंदापुरता झाला तरी लई झालं." पुढचं वर्ष मागायचीच भीती वाटत होती हो...

फ्रॉक घरी आणून उलटा केला, तर आत चार बोटं कापड! तशीच तणतणत माघारी गेले. "सलीमभाई, नको म्हटलं होतं ना?"

त्यांनी मशीनसुद्धा थांबवली नाही. "आक्का, गळा म्हणाल तसा शिवंन, बाही म्हणाल तशी शिवंन. पण लेकरू तर वाढणारच. ते कुणाला टळलंय? अन् पुढच्या साली आखूड झाला, की शिव्या मलाच देणार तुम्ही!"

मी फ्रॉक तसाच घेऊन घरी आले. दिवाळीआधी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर बसून ती चार बोटंच डोळ्यांसमोर धरली होती मी...

काल तोच फ्रॉक घेऊन आम्ही दोघी गेलो. गुडघ्याच्या पार वर चढलेला! सलीमभाईंनी दुमड उसवली, इस्त्री फिरवली. वरचं कापड धुऊन धुऊन फिकं पडलेलं, आणि खाली चार बोटं गडद निळी पट्टी... कोरी करकरीत. वर्षभर आत गुपचूप बसलेली.

"आजी, हा तर दोन कलरचा झाला! सगळ्या हसतील," अन्वी कुरकुरली.

"हसू दे बेटा," सलीमभाई म्हणाले. "जितकी निळी, तितकी तू वाढली."

मी नुसता त्या पट्टीवरून हात फिरवत राहिले.

घरी येऊन वही काढली. 'अटळ'च्या खाली, मरण-म्हातारपणाच्या रांगेतच लिहिलं... अन्वीची उंची.

सलीमभाई, त्या दिवशी माझं ऐकलं नाहीत, फार उपकार झाले...