गुरुजींच्या वह्या आणि माझी स्टाइलशीट

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. कपाटामागे धूळ जमते तसे ते जमले. चहाला बसलो की कोणीतरी एखादा काढतो, आणि ऐकणारे हसता हसता मध्येच थांबतात.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला गंगापूर रोडला एका दुकानावरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. मालक निलेश सर, टायपिंगला सुनंदाताई आणि मी. मी नववीतच शाळा सोडलेली. हे काम सरांनी दिलेल्या झेरॉक्स वाचून शिकलो.

काम होतं रामकुंडावरच्या एका गुरुजींच्या वह्यांचं. गावोगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे विधीला येतात आणि जाताना वहीत घराण्यातली नावं लिहून सही करतात. ताई ते सगळं एक्सएमएल फाइलीत टाइप करायच्या. प्रत्येक माहिती आपापल्या लेबलाच्या आत: नाव वेगळं, मृत्यू वेगळा, टीप वेगळी. मी एक्सएसएलची स्टाइलशीट लिहायचो. कुठल्या लेबलातली व्हॅल्यू उचलून पानावर कुठे ठेवायची, हे ती ठरवते.

*

पहिलं पान दिंडोरीकडच्या एका गावाचं. उघडलं तर पहिल्या ओळीत सखाराम, दुसऱ्या ओळीत सखाराम, शेवटपर्यंत सखारामच. मी नावाच्या आधी दोन तिरप्या रेघा जास्तीच्या दिल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक ओळीला शोध फाइलीच्या पार वरून सुरू व्हायचा आणि पहिलाच माणूस हाती लागायचा.

गुरुजी नेमके मागे उभे होते. "हा कोण?" त्यांनी विचारलं. ताईंनी वही पाहिली. लहानपणीच गेलेला, मागे कोणी नाही.

रेघा काढल्या, पान नीट झालं. दुसऱ्या दिवशी गुरुजी सखारामाच्या नावाने पाणी सोडूनच ऑफिसात आले. म्हणाले, "तुझं तू दुरुस्त केलंस, त्याचं मी केलं."

*

मृत्यूचं लेबल रिकामं असेल तर 'हयात' छापायचं, हे मीच ठरवलेलं. जुन्या वह्यांत तारखा कुठल्या असायला? एका घराण्याच्या सहाच्या सहा पिढ्या हयात निघाल्या.

"अरे बाबा, एवढी सगळी जेवायला आली तर पोळ्या कोण लाटणार?" ताई म्हणाल्या. सर हसले.

गुरुजींनी शांतपणे यादी वाचली. "बरोबर आहे. पितृपक्षात एवढेच येतात."

*

स्टाइलशीटची एक खोड आहे. एखाद्या लेबलाचं काय करायचं हे तुम्ही सांगितलं नाही, तर त्यातला मजकूर ती आपणहून पानावर ओतते.

मी टीप विसरलो होतो. गावातलं एक कुटुंब नमुना बघायला आलं, आजी, सून, नातू. वंशावळ सुरेख दिसली. नातवाने पान खाली सरकवलं. तळाशी वहीच्या समासातली एक ओळ होती: 'धाकटी मुलगी. विहीर. कोणास सांगू नये.'

"ही कोण, आजी?" नातवाने विचारलं.

आजी पदर सावरत उठल्या. सुनेला म्हणाल्या, "रिक्षा बघ." नातवाचा हात धरून त्या जिना उतरल्या.

त्या लेबलासाठी काही दाखवू नकोस, अशी एक ओळ मी लिहिली. पान पुन्हा सुरेख दिसायला लागलं.

*

एका दुपारी देवळ्याहून बापू नावाचे गृहस्थ आले. त्यांचा थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला. बारा वर्षं पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करतात. भावकीने सोमवार ठरवला होता. वहिनी कुंकू पुसायला तयार नव्हती. ती म्हणाली होती, आधी गुरुजींची वही बघून या, मधल्या काळात ते रामकुंडावर आले असतील तर सही असेल.

मी त्यांच्या घराण्याचं पान उघडलं. शेवटच्या ओळीत, नोंद देणाऱ्याच्या रकान्यात, थोरल्या भावाचं नाव होतं. साल मागच्या वर्षीचं. आणि विधी कोणाच्या नावाने, त्या रकान्यात बापूंचं.

मला वाटलं, माझ्या हातून रकाने उलटे पडले. मूळ एक्सएमएल उघडून पाहिली. लेबलं बरोबर होती, व्हॅल्यू त्याच होत्या.

"मला दिसलं तेच मी टाइप केलंय रे," ताई म्हणाल्या आणि कपाटातून वही काढली.

वहीत निळ्या शाईने लिहिलं होतं: धाकटा भाऊ बापू मयत, त्याचे पिंडदान केले. खाली सही.

बापू त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. सर हळू आवाजात म्हणाले, "कोणीतरी खोडसाळपणा केला असेल हो."

"अक्षर दादानंच शे," बापू स्वतःशीच आपल्या बोलीत म्हणाले; अक्षर भावाचंच होतं. मग टोपी नीट केली आणि उठले. "सोमवारचं रद्द करतो. वहिनीला आजच सांगायला पाहिजे."

मी कसंबसं विचारलं, "तुमच्या नावापुढे आता काय ठेवू?"

"राहू द्या हाय तसंच," ते म्हणाले. "दादा येईल तवा तोच खोडंल."