बालवाडीला दिलेला घोडा

धारवाडला माझ्या अक्कानं लेकीची खोली जुन्या वस्तूंनी सजवली: शिसवी पलंग, पितळी भातुकली, कपाटावर लाकडी घोडा. त्याचा कान लहानपणी मीच कुरतडलेला. तो घोडा आमच्या अप्पांनी गोकुळ रोडवरच्या कामगारांच्या बालवाडीला दिला होता. मी रडले तेव्हा म्हणाले होते, "खेळणं खेळेल त्याचं." त्यांच्या कामगार चळवळीच्या पत्रकातही हेच वाक्य होतं, त्या पत्रकांच्या घड्या मीच घातल्या होत्या.

"हा इथं कसा?"

"अप्पांनीच आणला. बालवाडीला नवा प्लॅस्टिकचा दिला की," अक्का म्हणाली. "आता भाषण नको हं."

खोलीतच बसलेल्या अप्पांनी पेपराचं पान उलटलं.

भाची म्हणाली, "मावशी, त्याला हात लावायचा नाही. शोभेचा आहे."

मी घोडा खाली काढून तिला त्यावर बसवलं.

तेव्हा अप्पा बोलले, "उतरव तिला. मोडेल तो."