चंद्रावरचं लोखंड आणि ठवकर काकू

भिलाईत रुआबांध्याच्या बाजारात ठवकर काकू भाजी घ्यायला थांबल्या की आधी पर्समधून पोलादाची एक चकती काढायच्या आणि भाजीवाल्याच्या तराजूवर ठेवायच्या. पेढ्याएवढी चकती, पण तिचं वजन काकूंना तोंडपाठ. भाजीवाला छत्तीसगडीत वैतागायचा, "दाई, मोर तराजू सही हे." काकू काट्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "तुम पे पूरा भरोसा है भैया. तराजू से पहचान नहीं है." काटा बरोबर जागी आला की मगच वांगी निवडायला सुरुवात. पिशवी धरून शेजारी उभी असलेली मी लाजेनं अर्धी व्हायचे. काकूंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

काकू आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं, शिक्षण नागपूरचं, आणि नोकरी पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत. भट्टीतून पोलादाचा नमुना आला की त्यावर ठिणगी पाडायची, त्या उजेडाचे रंग यंत्रानं वेगळे करायचे आणि आत काय काय किती आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. तिकडे भट्टीवरची माणसं फोनवर फोन करायची, "मॅडम, रिझल्ट!" काकू आधी ओळखीच्या पोलादाचा तुकडा यंत्रात ठेवायच्या. त्यात काय आहे ते ठाऊक असायचं. यंत्र ते बरोबर सांगतंय का पाहायचं आणि मगच नवा नमुना. तोवर फोनवर एकच उत्तर, "रुको. अभी मशीन से बात चल रही है."

हे वेड त्यांनी घरीही आणलं होतं. मी तापानं फणफणले असताना थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत. आई कळवळून म्हणाली, "अहो, पोरीला बघा ना!" तर काकू म्हणाल्या, "बघतोच हाय. मले ताप नाही हे मले ठाऊक हाय. याले ठाऊक हाय का, ते पाहून राहिलो." आईनं कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र तापातसुद्धा हसले होते.

एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला गॅसजवळ बोलावलं आणि निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत भप्पकन पिवळी झाली. "पाह्य, मिठानं आपलं नाव सांगतलं. चटका बसला का जो तो आपलं नाव सांगते." मी विचारलं, दूरच्या वस्तूचंही असंच कळतं का? "उजेड इथवर पोचला का झालं. हात लावाचं काही काम नाही." त्या संध्याकाळी कारखान्यामागचं आभाळ नेहमीसारखं तांबूस झालं होतं. त्या तांबूसपणातही कोणीतरी आपलं नाव सांगत असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. माझ्या आयुष्याचा रस्ता त्या चिमूटभर मिठानं ठरवला, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले आणि दक्षिणेतल्या एका संस्थेत लागले. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानावरच्या एका यंत्राची मोजमापं तपासायचं काम मिळालं. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकू निवृत्त होऊन भिलाईतच वैशाली नगरात राहायला गेल्या होत्या. पुडाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझं एक काम कर. चंद्रावर लोखंड हाय का, पाहून सांग."

"काकू, ते पुस्तकात आहे. माणसं तिथले दगड घेऊन आलीत."

"ते उतरले त्या जागेचं झालं. बाकीच्या चंद्राचं काय? जन्मभर लोखंड मोजलं वं मी. आता तू मोज, मंग मले सांग. आयकीव नको."

मला वाटलं, हे काय, वर्षभरात सांगते! पण आमच्या यंत्राची गंमत अशी की त्याला चटका देणारी भट्टी म्हणजे साक्षात सूर्य. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या जमिनीवर पडतात, तिथले पदार्थ उत्तरादाखल आपापले क्ष-किरण बाहेर टाकतात आणि वरून जाणारं यंत्र ते टिपतं. ॲल्युमिनियम, सिलिकॉन ही मंडळी थोड्या चटक्यातही बोलतात. लोखंड हट्टी. सूर्यावर मोठा भडका उडाल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. आणि आमच्या नशिबी सूर्य शांत. अगदी गोगलगाय!

दर रविवारी काकूंचा फोन. "तापला का तुझा सूर्य?"

"नाही हो काकू."

"लोखंडाले साधा चटका कायचा लागते! थांब. घाई करू नको."

मग फोन अनियमित झाले. पुढे त्यांचा मुलगा प्रमोददादा सांगू लागला, "आई अब भूलने लगी है. काल मला भैया म्हणाली. तिले वाटते मी वाचमन आहे." डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढतच जाणार. मी हादरले. सूर्याचं काय, तो आज नाही तर उद्या तापेल. पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारणारी माझी काकू उरेल का, ह्या एका धास्तीनं मला घेरलं. सकाळी ऑफिसला जाताना मी सूर्याकडे बघून अक्षरशः म्हणायचे, "बाबा रे, चिड की एकदा!"

आणि एका दुपारी तो चिडला. मोजमापं उतरली, आलेख पडद्यावर आला, आणि जिथे लोखंडाची रेघ असायला हवी तिथे एक टोक ताडकन उभं! आमच्या खोलीत आरडाओरडा झाला. मी काकूंचा नंबर लावायला फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आमच्या यंत्राच्या दाराला आतून ओळखीचा एक नमुना बसवलेला आहे. दार बंद केलं की यंत्राला फक्त तोच दिसतो. भडक्याच्या आसपासची ती तपासणी अजून व्हायची होती.

झाली, तेव्हा यंत्र किंचित सरकलेलं निघालं. तापलं होतं बिचारं. आता सगळी मोजमापं दुरुस्त करणं आलं. त्यात आठवडे गेले. प्रमोददादा फोनवर रडकुंडीला आला होता. "लवकर ये. अगं, बोल दे ना की लोखंड आहे. आईले आता कुठं काय समजते?"

खरंच, काय बिघडलं असतं? पण माझी जीभ रेटेना. ज्या बाईनं तापानं फणफणलेल्या पोरीला थांबवून ठेवलं, तिला मी कच्चं उत्तर देणार होते? मी थांबले. दुरुस्ती पूर्ण झाली, टोक नेमक्या जागी आणि आधीपेक्षा स्वच्छ उभं राहिलं. मी आलेख छापून घेतला आणि मिळेल त्या गाडीनं भिलाईला निघाले.

काकू वऱ्हांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झालेल्या. माझ्याकडे बघून परक्या माणसाशी हसावं तसं हसल्या. "कोण वं बाई तू? सिस्टर का?"

नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, क्वार्टरचं सांगितलं. काही नाही. मग मी तो कागद त्यांच्या मांडीवर पसरला.

काकूंची मान खाली गेली. बोट एका टोकावरून दुसऱ्यावर सरकत गेलं आणि लोखंडाच्या टोकाशी थांबलं. कपाळाला ती जुनी आठी पडली. त्यांनी वर पाहिलं. आवाज प्रयोगशाळेतला.

"वळखीचा तुकडा ठेवला होता का आधी?"

"ठेवला होता, काकू."

"फरक?"

"थोडा आला होता. दुरुस्त केला."

त्यांनी बोट पुन्हा एकदा त्या टोकावरून वर-खाली फिरवलं. मग समाधानानं मान हलवून म्हणाल्या, "मंग लोखंडच हाय."

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू गेल्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. त्यांनी मला जे दिलं होतं ते त्यांच्यापाशी शाबूत होतं आणि मला ते परत एकदा पाहायला मिळालं. याहून अधिक कोणी कोणाला काय देणार!

त्या दिवशी त्यांनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाला हाक मारली, "ओ भैया, या बाईले चहा द्या. काम करून आली हाय."