आहुप्याला जाऊनही राहिलेलं बोलणं

आहुप्याला जायचं मी बारा वर्षं टाळलं. रस्त्यामुळे नव्हे, तिथल्या दत्तामुळे. आम्ही दोघं पुण्यात बुद्धिबळाच्या स्पर्धा एकत्र खेळायचो, एकाच डब्यात जेवायचो. राज्याच्या संघनिवडीचा शेवटचा डाव नेमका आमच्यातच लागला. दत्ता चाल खेळला आणि घड्याळाचं बटण दाबायला विसरला. त्याचीच वेळ पळत राहिली. एरवी मी विसरलो की तो डोळ्याने खुणावायचा. मी मात्र डोकं धरून, विचारात असल्याचं सोंग करत वीस मिनिटं बसलो आणि वेळ संपताच पंचांना बोलावलं. संघात मी गेलो, दत्ताने खेळच सोडला. या खेपेला त्याला खरं सांगायचंच, असं ठरवून निघालो.

पेट्रोल मंचरलाच भरून घ्या, मिसळही तिथेच खा. घोडेगावमार्गे डिंभे धरणापर्यंत रस्ता झकास. पुढे वळणं आणि खड्डे, म्हणून उजेडातच पोहोचा.

दत्ताच्या अंगणात हिरडा वाळत होता. तो आता ट्रेकर्सना जेवू घालतो. दोनशे रुपयांत पिठलं, भाकरी, ठेचा, भात, पोट फुटेस्तोवर. माझ्याकडून पैसे घेईना.

"ह्येच का ते भाऊजी?" वहिनींनी वाढता वाढता विचारलं. "इचारात एवढं गढलेलं की घड्याळ बी दिसलं नाय?"

"ह्योच! चूक माझीच व्हती म्हणा," दत्ता हसला. "पण राव, तवा एवढा कसला इचार करत व्हतास?"

हीच वेळ होती. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "घोडा द्यावा का, ते बघत होतो."

दत्ताने ताट सरकवून पट मांडला. सगळा डाव त्याला अजून पाठ! सकाळी देवराईत नेलं (वाटाड्या घ्याच, एकट्याने चुकायला होतं), तिथेही तो घोड्याबद्दलच बोलत होता. मला झाडं धड दिसली नाहीत.

घरी येऊन चार दिवस झाले. काल त्याचा मेसेज आला: "लई येळा तपासलं. घोडा दिला असता तरी तूच जिंकला असता. घड्याळापायी हरलो ह्ये मनात व्हतं, आज गेलं."

मला माझीच शरम वाटते. दत्ता, तू हे वाचशीलच. घोडा मला या खेपेला तुझ्या पडवीत जेवताना सुचला. त्या डावाच्या दिवशी मी पट बघतच नव्हतो, तुझं घड्याळ बघत होतो.