लोखंड नाही, बोरीचा काटा

डॉक्टरांनी लाकडी पट्टी माझ्या घशाला लावली. एखाद्याला ओकारी आली असती. माझे दात त्या पट्टीवर गच्च बसले. "टिटॅनस," ते म्हणाले. म्हणजे आपला धनुर्वात.

आमचे हे लगेच म्हणाले, "नाही जी साहेब, लोखंड कुठी लागलं हिले? नुसता बोरीचा काटा गडला होता पायात."

आमच्या सानगडीकडे सगळ्यांना एवढंच ठाऊक. विळा लागला, खिळा गेला, की धनुर्वाताची सुई घ्यायला पळायचं. काट्याला कोण विचारतो? भाताच्या रोवणीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रुतलेला काटा उपटून, वर हळद दाबून मी परत चिखलात उतरले होते. आठवड्याभराने जेवताना जबडा आखडला. वाटलं, दाढ असेल. मग घासच तोंडात जाईना.

गावात माझं तोंड बंद करणारा अजून जन्मला नव्हता. ते काम काट्याने केलं.

"या जंतूला लोखंडाशी काय करायचं आहे?" डॉक्टर म्हणाले. "तो मातीत असतो, शेणात असतो. आत शिरायला वाट मिळाली की झालं. लस शेवटची कधी घेतली?"

गरोदरपणात. तो पोरगा आता ट्रॅक्टर चालवतो. लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, हे आम्हाला तिथे कळलं.

मला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं. जरा आवाज झाला की स्पाझम यायचा, म्हणजे सगळं अंग ताठ व्हायचं. बाहेर कुणाच्या हातून ताट पडलं तरी माझी पाठ गादीवरून उचलली जायची. शुद्ध मात्र पूर्ण असते. छातीचे स्नायू आखडले तर श्वास थांबू शकतो, असं डॉक्टर दाराशी हळूच बोलले, ते मी ऐकलं. फार भ्याले. मला जगायचं होतं, आणि तेवढं सांगायलाही तोंड उघडत नव्हतं.

इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जंतूचं विष मारणारं इंजेक्शन, दिलं होतं. नाकातल्या नळीने पेज जायची. हे चपला बाहेर काढून, खोकलासुद्धा गिळून पायाशी बसायचे. एका सकाळी तोंड किलकिलं झालं आणि मी "चहा" म्हणाले. हे रडलेच. "बोल वो, किती बोलायचं तं बोल," म्हणाले. ते सुख मी त्यांना पुढे भरपूर दिलं.

घरी सोडताना नर्सबाई लस घेऊन आल्या. मी म्हटलं, "आता कायले? होऊन गेला न मले."

"मावशी, हा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. वाचवते ती लसच."

ह्यांनीही मुकाट्याने बाही वर केली.

चिखलात राबणाऱ्यांनो, धनुर्वाताला काटाही चालतो, एवढं ध्यानात ठेवा. यंदा रोवणीआधी मी आमच्या टोळीतल्या बायकांना लस घ्यायला उपकेंद्रात नेलं. नळी, पेज, स्पाझम सगळं ऐकवलं. शेजारची सुमन तेवढी अडून बसली. "लोखंड लागन तवा पाहू," म्हणाली. मला तिची काळजी लागून राहिली.

रोवणी अर्ध्यावर आली असेल, तेव्हा ती लंगडत धुऱ्यावर आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "काकू, बोलू नको. काटाच होय. पाय धुतला, सुई घेऊन आली."

मी काहीच बोलले नाही. पहिल्यांदाच, आपल्या मर्जीने.